श्रीलंकेला फिरायला मे चांगला की डिसेंबर?

आधी कुठल्या बाजूला जायचंय ते ठरवा, महिना मागून. नकाशात देश एवढासा दिसतो पण पावसाळे दोन आहेत, आपल्याकडे गोव्यात जून लागला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडेच धो धो, तसं तिकडे नाही. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून कोलंबो, गॉल, मिरिसा ह्या पश्चिम-दक्षिण बाजूला झोडपतो आणि त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमालीला ऊन आणि शांत समुद्र, तिथल्याच अरुगम बे ह्या किनाऱ्यावर तर सर्फिंगचा सीझन. डिसेंबर ते मार्च उलटं, गॉल-मिरिसा बेस्ट. म्हणजे पोरांच्या सुट्टीत मेमध्येच जायचं असेल तर सरळ त्रिंकोमाली धरा, चवथीच्या सुट्टीत जाणार असाल (घरचा गणपती सोडून कोण जातो म्हणा) तरी तेच.

मी फेब्रुवारीत गेलेलो, म्हापशाहून निघताना बायको स्वेटर घे म्हणत होती, मी म्हटलं विषुववृत्ताजवळ कसला स्वेटर, आणि नुवारा एलियाला, साधारण 1,870 मीटर उंचीवर, रात्री हॉटेलची रजई गुंडाळून चहा पीत बसलो. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळाच, तेव्हा दोन्हीकडे दुपारी कधीही कोसळतो.