वडिलांच्या लघवीत कॅन्सरच्या पेशी नाहीत, पण सीटीत मूत्रवाहिनीत गाठ दिसते. कोणता रिपोर्ट खरा?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लघवीच्या स्लाइड रोज बघतो. तुमच्या वडिलांचे दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. 'पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ त्या नमुन्यात आढळल्या नाहीत, एवढाच.

मूत्रपिंडातला नरसाळ्यासारखा भाग, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांना आतून एकाच जातीचं अस्तर असतं. त्या अस्तराच्या कॅन्सरपैकी वरच्या भागात, म्हणजे नरसाळ्यात आणि मूत्रवाहिनीत, होणारे जेमतेम ५ ते १० टक्के, बाकी बहुतेक मूत्राशयातले. लो-ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक, गाठीच्या पेशी साध्या पेशींसारख्याच दिसतात, केंद्रक थोडं मोठं, बाकी सगळं सोज्वळ. हाय-ग्रेडचं, म्हणजे जास्त आक्रमक गाठीचं, केंद्रक काळंकुट्ट, वेडंवाकडं, पेशीत मावेनासं. ते नजरेतून सहसा सुटत नाही. पण गाठीने वाहिनी बुजली असेल, तर त्या बाजूची लघवीच खाली उतरत नाही, मग पेशी येणार कुठून? म्हणून दुर्बीण घालून थेट त्या वाहिनीतून घेतलेला नमुना अधिक कामाचा. मात्र उपकरण फिरलं की निरोगी पेशीही घोळक्याने सुटतात आणि आम्ही चकू शकतो. त्यामुळे नमुना कसा घेतला, हे फॉर्मवर लिहिलेलं असावं. बरेचदा ती जागा कोरी असते!

सीटीलाही मर्यादा आहे. सीटीत उठून दिसणारं औषध वाहिनीत भरल्यावर मध्ये जी औषध न भरलेली जागा दिसते, ती गाठीची वाटते, पण रक्ताच्या गुठळीचीही असू शकते.

पुढची पायरी बायोप्सीची. तो तुकडा तीळभर असतो, वर चिमट्याने चेंगरलेला. त्यावरून ग्रेड बहुधा सांगता येते, पण गाठ स्नायूपर्यंत घुसली का, हे नाही, कारण स्नायू तुकड्यात क्वचितच येतो. भिंतच इतकी पातळ, की खोल चिमटा घ्यायला सर्जन कचरतात, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा 'नमुना अपुरा' वाचून कुणाचा हलगर्जीपणा असं लगेच धरू नका. ऑपरेशननंतर पूर्ण गाठ तपासली की ग्रेड वाढलेली निघते, असंही होतं.

मूत्राशयही दुर्बिणीने बघून घ्या, तिथे दुसरी गाठ असणं दुर्मीळ नाही. आणि वडिलांचं वय ६० च्या आत असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष त्यामागे असू शकतो, आणि त्याची पहिली चाचणी याच गाठीच्या तुकड्यावर होते.