इंदूरहून मे महिन्यात मुलं आणि आई-वडिलांना घेऊन डोंगरात कॉटेज करून राहायला कुठे जावं?

पचमढी. तुम्ही लिहिलंय ना की दोन मुलं, सोबत आई-वडील, वडिलांचे गुडघे दुखतात, तीन-चार रात्री राहायचंय, हॉटेल नको झाडीतलं कॉटेज हवं आणि मुलांना काहीतरी ॲडव्हेंचर पाहिजे, तर इंदूरहून या सगळ्यात बसणारं मला तरी एवढंच दिसतं. मनालीला जायचं तर निम्मी सुट्टी येण्याजाण्यातच संपते आणि माउंट अबूला मेमध्ये गर्दी इतकी की गाडी लावायला जागा मिळत नाही.

पण थंडी मिळेल म्हणून जाणार असाल तर नका जाऊ. पचमढीची उंची १०६७ मीटर आहे, शिमल्याच्या निम्मीही नाही, त्यामुळे मेमध्ये दुपारचं ऊन तिथेही लागतंच, पंखा लावावाच लागतो. आणि रात्रीच्या गारव्याचं म्हणाल तर आपल्या माळव्याच्या लोकांना त्याचं काय एवढं कौतुक, गच्चीवर गादी टाकली की पहाटे चादर आपणही ओढतोच. तिथे जे मिळतं ते म्हणजे भर उन्हाळ्यात सावली आणि वाहतं पाणी. मटकुली गावानंतर घाट लागला की मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगा, खाली सगळा साग, मेमध्ये पार उघडाबोडका, नुसत्या काड्या उभ्या असतात आणि वर पोचेपर्यंत साल नावाची हिरवी झाडं सुरू होतात. सालाची पानं सागासारखी झडून झाड बोडकं होत नाही, म्हणून वरती उन्हाळ्यातही जंगल जंगलासारखं दिसतं. माझ्या मते तिथे जायचं खरं कारण हेच.

आता कॉटेज. एमपी टूरिझमची तिथे बरीच ठिकाणं आहेत, काही इंग्रजांच्या वेळचे बंगले, काही कॉटेजवाली, शिवाय प्रायव्हेटही भरपूर. फोटो बघून बुक करू नका, फोन करून तीन गोष्टी विचारा: खोलीत शिरायला पायऱ्या किती, व्हरांडा आपला एकट्याचा की सामाईक, आणि लाइट गेली तर पंखा चालतो का. व्हरांड्यावर मी अडून बसते कारण दुपारी बारा ते चार बाहेर पडण्यात काही अर्थ नसतो आणि तो सगळा वेळ तिथेच जातो. एकदा जेवणानंतर सगळे लवंडले होते आणि कौलांवर धाडधाड आवाज, सासूबाई म्हणाल्या गारा पडतायत की काय, बघतो तर वानरांची अख्खी टोळी शेजारच्या आंब्यावरून छपरावर उड्या मारतेय आणि अर्धवट खाल्लेल्या कैऱ्या खाली टाकतेय. आमच्या धाकट्याला त्या कैऱ्या गोळा करायच्या होत्या, कसंबसं आवरलं त्याला. शेकरूही दिसतं, नशीब असेल तर, मोठं तांबूस-काळं, शेपूट अंगापेक्षा लांब. फक्त शेव-चिवड्याची पिशवी बाहेर ठेवू नका, इंदुरी शेव वानरांनाही आवडते.

फिरण्याचं असं की काही पॉइंटना आपली गाडी जाते पण जंगलातल्या पॉइंटना वनविभागाचं परमिट काढून जिप्सीच करावी लागते. परमिट बायसन लॉजवर मिळतं, १८६२ सालची इमारत आहे, फॉरसाइथ नावाच्या इंग्रज कॅप्टनची, आता म्युझियम आहे, उभ्याउभ्या बघून होतं. जिप्सीवाले एका दिवसात सगळे पॉइंट उरकायचं पॅकेज सांगतात, भिया ते घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आजी-आजोबा गाडीत बसून वैतागतात आणि मुलं पाण्यात पाय बुडवतात तोच चला चला सुरू होतं.

त्यापेक्षा अख्खी एक सकाळ अप्सरा विहारला द्या. पांडव गुफांपासून पुढे जायचं, थोडं चालून उतरलं की छोटा धबधबा आणि खाली कुंड, काठाला उथळ आहे, मुलं मनसोक्त डुंबतात, मेमध्येसुद्धा पाणी इतकं गार की पोरांचे ओठ निळे पडतात तरी बाहेर येत नाहीत. पाय स्थिर ठेवला की बारके मासे येऊन बोटांना टोचतात, आमच्याकडे यावर केवढा आरडाओरडा झाला होता. दगड शेवाळलेले असतात, चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी. तिथूनच पुढे चालत गेलं की रजत प्रपात समोरून दिसतो, उन्हाळ्यात धार बारीक असते पण तो कडा बघण्यासारखा आहे. सातच्या आत निघा, दहानंतर तिथे जत्रा असते. बी फॉललाही पाणी छान पण पायऱ्या खूप, वडिलांना वरच चहा घेऊन बसवा. डचेस फॉलची उतरण चांगलीच उभी आहे, मुलं लहान असतील तर सोडाच.

मोठ्या मुलाला खरंच दमवायचं असेल तर चौरागढ. तेराशेच्या आसपास पायऱ्या, वर महादेवाचं मंदिर आणि भाविकांनी वाहिलेल्या त्रिशूळांचा ढीगच्या ढीग, महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन हे चढतात. मेमध्ये मात्र उजाडता उजाडता चढायला लागायचं आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं, पाणी सोबत हवंच.

वडिलांसाठी धूपगढचा सूर्यास्त. १३५२ मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, पण जिप्सी थेट वर जाते त्यामुळे गुडघ्याला काही त्रास नाही. हांडी खोह आणि प्रियदर्शिनी पॉइंटही फारसं न चालता होतात. जटाशंकरला पायऱ्या आहेत पण गुहेत इतकं गार वाटतं की आमच्या सासूबाई वर यायलाच तयार नव्हत्या.

जायचं कसं तर आपल्या गाडीने भोपाळ, नर्मदापुरम, सोहागपूर, पिपरिया असं पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडतं, चहापाण्यासकट दिवस गेलाच समजा, म्हणून पहाटे निघा आणि पोहे-जिलबी वाटेत आष्ट्याला वगैरे खा. ट्रेनचं म्हणाल तर नर्मदा एक्सप्रेस किंवा जबलपूर ओव्हरनाइटने पिपरिया, तिथून पन्नासेक किलोमीटर टॅक्सी, फक्त पोचण्याची वेळ बघून घ्या, म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री-अपरात्री स्टेशनवर ताटकळणं बरं नाही.

एक रात्र जास्तीची असेल तर परतताना सोहागपूरवरून आत मढईला वळा. देनवा नदी बोटीने ओलांडून सातपुडा टायगर रिझर्व्हची सफारी करायची, वाघ दिसेलच असं नाही पण गवे आणि अस्वलं दिसण्याचा चान्स चांगला, आणि मुलांना ती बोटच जास्त आवडते. कोअर एरिया ३० जूनपर्यंत उघडा असतो, सफारीचं बुकिंग मात्र ऑनलाइन आधी करा, शनिवार-रविवार तर भरलेलेच असतात. सोमवारी निघून गुरुवारी परत, असं जमत असेल तर कॉटेजही स्वस्त पडतं.