कायदा झाला म्हणजे काम संपलं असं नसतं

अरे, घरकामगार ताईंसाठी काम करायचंय ना, मग मोर्चाच्या आधी 2008 चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम स्वतः वाच, मराठीत आहे. सोबत 1969 चा माथाडी कायदा पण बघ, तिथे मालकाकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के जादा रक्कम घेतात आणि ती माथाडी मंडळात जमा होते म्हणून हमालांना पीएफ, बोनस मिळतो, घरकामाच्या कायद्यात मालकावर अशी सक्तीच नाहीये, बहुतेक सगळं सरकारच्या निधीवर, खरी गोम इथेच आहे आणि आपली मागणी पण मालकांवर अशी लेव्ही लावायचीच हवी.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचा घरेलू कामगार मंडळात नोंदणीचा फॉर्म तीनदा परत आला, का तर मालकीणबाईंची सही नाही! चौदा वर्षं त्याच घरात भांडी घासतायत. असे कागद जमव, तारखेसकट, आमदार तुझ्या भाषणापेक्षा त्या फाईलकडे जास्त बघतात. त्यातूनच त्यांना तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, तयार करून दे.

आणि हो, बजेट मार्चमध्ये मांडतात पण विभागांची आकडेमोड खूप आधी सुरू होते, त्यामुळे निवेदन दिवाळीच्या आसपासच द्यायचं, आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. आणि बैठकीला मावशींनाच पुढे बसव, बोलू दे त्यांना.