जामीन का मिळत नाही? यूएपीएबद्दल तुमचे प्रश्न

महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर (शहरी नक्षलवाद रोखायचा म्हणून आणलेलं) लिहिलं होतं त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं यूएपीएचीच, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याची आहेत, दहशतवादाच्या केसमध्ये लावतात तो. सगळी घेणं शक्य नाही, पाच घेतेय. काही जणांनी रागाने लिहिलंय, तीपण घेतलीत.

ताई, माणूस निर्दोष असेल तर कोर्ट सोडेलच ना? मग एवढा आरडाओरडा कशाला? – एक वाचक, सांगली

सोडेल हो दादा, पण कधी? प्रा. जी. एन. साईबाबांचं बघा, दिल्लीत कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, पोलिओमुळे व्हीलचेअरवर, आरोप माओवाद्यांशी संबंधांचा. मे 2014 मध्ये अटक झाली, मधे काही काळ जामिनावर बाहेर होते, मग मार्च 2017 ला गडचिरोलीच्या कोर्टाने जन्मठेप दिली. ऑक्टोबर 2022 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सोडलं तर दुसऱ्याच दिवशी शनिवार असून सुप्रीम कोर्ट बसलं आणि तो निकाल थांबवला. मग परत सगळं ऐकून मार्च 2024 मध्ये हायकोर्टाने दुसऱ्यांदा निर्दोष सोडलं, आणि सात महिन्यांत ते गेले. त्यांच्याच केसमधला पांडू नरोटे तर ऑगस्ट 2022 मध्ये तुरुंगात असतानाच वारला, पहिल्या सुटकेच्या दोन महिने आधी.

आता हे असं का होतं ते सांगते. एरवी जामिनाला कोर्ट बघतं की माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का. यूएपीएच्या 43 डी (5) कलमात तसं नाही, पोलिसांचे कागद वाचून आरोप वरवर खरा वाटला की जामीन नाही, विषय संपला. आणि 2019 मध्ये वटाली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामिनाच्या वेळी पुराव्याची फार चिरफाड करू नका. म्हणजे आरोपीचा वकील सांगत असतो की हे पत्र बनावट आहे, आणि कोर्ट म्हणतं ते खटल्यात बघू, आणि खटला काही उभा राहत नाही. अटकपूर्व जामीन तर नाहीच, वर चार्जशीटसाठी पोलिसांना 180 दिवस मिळू शकतात. शिक्षा निकालाआधीच भोगून होते, आणि माझ्या मते सरकारला तेवढीच पुरते.

दहशतवाद्यांना जामीन द्यायचा का? 26/11 विसरलात वाटतं. – एक वाचक, ठाणे

नाही विसरले. उलट तेच उदाहरण घेऊया. कसाब नोव्हेंबर 2008 मध्ये पकडला गेला, मे 2010 मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, म्हणजे दीड वर्षात खटला पूर्ण, शेकडो साक्षीदार तपासून आणि त्याला वकील देऊन. सरकारने मनावर घेतलं तर खटला असा चालतो.

आता एल्गार परिषदेची केस बघा. 31 डिसेंबर 2017 ला शनिवारवाड्यावर सभा, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार, आणि जून 2018 पासून माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून धरपकड, एकूण 16 जण, वकील, प्राध्यापक, कवी. जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला तेव्हा त्यांना आत साडेसहा वर्षं होऊन गेली होती आणि आरोपसुद्धा निश्चित झालेले नव्हते, साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर. विल्सनच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकरने फाइली घुसवल्या असं आर्सेनल या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीने 2021 मध्ये सांगितलं, तपास करणारी केंद्राची एनआयए ते मानत नाही. खरं कोण हे ठरायला खटला तर चालायला हवा ना! याच केसमधले आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी, त्यांना पार्किन्सन होता, ग्लास हातात धरता यायचा नाही, तर स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. जुलै 2021 मध्ये 84 व्या वर्षी गेले, तेही कोठडीतलेच कैदी म्हणून, जामिनाचा अर्ज हायकोर्टात पडून होता. खरा दहशतवादी असेल तर कसाबसारखा खटला चालवा, माझी काही हरकत नाही.

काँग्रेसवाले आता रडतायत पण हा कायदा आणला कोणी? – एक वाचक, नागपूर

काँग्रेसनेच! 1967 चा मूळ कायदा इंदिरा गांधींच्या काळातला. 2004 मध्ये पोटा हा वाजपेयी सरकारचा दहशतवादविरोधी कायदा रद्द केला म्हणून टाळ्या घेतल्या आणि त्यातली दहशतवादाची कलमं गुपचूप यूएपीएत आणून ठेवली, 2008 मध्ये चिदंबरम गृहमंत्री असताना जामिनाचं ते कलम घातलं. 2019 मध्ये भाजपने संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करायची सोय केली. प्रत्येकाने आधीच्या सरकारचं हत्यार परजून ठेवलंय, मोडलं कोणीच नाही. तमिळनाडूच्या वायकोंचा पक्ष पोटाच्या बाजूने होता, आणि 2002 मध्ये श्रीलंकेतल्या लिट्टे या बंदी असलेल्या तमिळ संघटनेच्या समर्थनाचं भाषण केलं म्हणून वायको स्वतःच पोटाखाली दीड वर्षाहून जास्त आत बसले, कारण तोवर राज्यात जयललिता होत्या.

आपल्याकडे तर अजून गंमत. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकार मानधन देतं, 2018 मध्ये सुरू केलं, 2020 ला बंद झालं, 2022 ला परत सुरू. मुख्यमंत्री फडणवीसांचे वडील गंगाधरराव स्वतः तेव्हा आत होते. आणि त्याच फडणवीसांच्या सरकारने जुलै 2025 मध्ये जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं.

नुसत्या पोस्टवरून यूएपीए लागतो का? – एक वाचक, कोल्हापूर

लागलाय. 2021 मध्ये त्रिपुरात मशिदींवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तिथल्या पोलिसांनी 102 सोशल मीडिया अकाउंटवर लावला, एका पत्रकाराने ‘त्रिपुरा जळतंय’ एवढंच टाकलं होतं. सुप्रीम कोर्टाने त्याच्यावर सक्तीची कारवाई करू नका म्हणून सांगितलं, तोवर बाकीच्यांनी आपापल्या पोस्ट काढल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.

मुलगी पुण्यात शिकते, मोर्चांना जाते. तिला थांबवू का? झोप लागत नाही हो. – एक वडील, लातूर

काका, मी थांबवा म्हणणार नाही. मोर्चा हा गुन्हा नाही. जून 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टाने नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ तन्हा या दिल्ली दंगलीच्या केसमधल्या विद्यार्थ्यांना जामीन देताना सरकारला सुनावलंच होतं की आंदोलनाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यातली रेघ तुमच्या डोक्यात पुसट होत चाललीय. (सुप्रीम कोर्टाने नंतर एवढं केलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका, जामीन मात्र ठेवला.)

भीती खोटी नाहीये तुमची, म्हणून काही गोष्टी माहीत असू द्या. पोलिसांनी अटक केली तर कारणं लेखी मागायची, तोंडी सांगितलं चालत नाही. न्यूजक्लिक या वेबसाइटचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली, तीही यूएपीएची केस होती. 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. मोबाइल, लॅपटॉप जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि हॅश व्हॅल्यू (आतल्या डेटाचा डिजिटल ठसा म्हणा, डेटा बदलला की तोही बदलतो) जागेवरच नोंदवून घ्या, म्हणजे नंतर कोणी त्यात काही घातलं तर पकडता येतं. एका वकिलाचा नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये नको, पाठ असू दे, कारण मोबाइल आधी जातो. आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.