एचएल७ आयात करताना टेबल आपोआप बदलू द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: लॅबकडून एचएल७ (वैद्यकीय सिस्टिम एकमेकींना माहिती पाठवतात ती पद्धत) व्हर्जन २ चे मेसेज येतात, अधूनमधून नवं फील्ड किंवा नवा झेड-सेगमेंट (पाठवणाऱ्याने स्वतःचा म्हणून जोडलेला भाग) डोकावतो, तर इम्पोर्टरनेच ‘ऑल्टर टेबल’ ही टेबलची रचना बदलणारी कमांड चालवून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कॉलम वाढवावा का?

वाढवू द्या, पण फक्त स्टेजिंगमध्ये, म्हणजे आलेला डेटा आधी उतरवून घ्यायच्या कच्च्या टेबलांत. नवा कॉलम जोडणं आणि वारचारची (ठरावीक लांबीपर्यंतच्या मजकुराच्या कॉलमची) लांबी वाढवणं, एवढीच मुभा. टाइप बदलणं, कॉलम काढणं, नाव बदलणं हे माणसाने मायग्रेशन (रचना बदलायची स्क्रिप्ट) लिहूनच करायचं.

सगळ्यात घातक म्हणजे टाइपचा अंदाज. पीआयडी-३ मध्ये, म्हणजे पेशंटच्या ओळख क्रमांकात, ००४५१२ आला, कोडने इंटिजर (पूर्णांक) धरला, सुरुवातीची शून्यं गेली. मग लॅबला विचारलं की उत्तर येतं, ‘असा पेशंटच नाही’. ओबीएक्स-५, म्हणजे टेस्टच्या निकालाची व्हॅल्यू, त्याहून बेरकी. ट्रोपोनिनच्या (हृदयासाठीची रक्ततपासणी) ओळी ०.०२, ०.०३ अशा येत राहतात, टूल कॉलम न्यूमेरिक करून मोकळं होतं आणि एक दिवस <०.०१ येतो. एक तर इन्सर्ट फुटतो, नाहीतर कोणीतरी सोय म्हणून ते < चिन्ह उडवतो आणि ‘०.०१ पेक्षा कमी’चं ‘०.०१’ होऊन बसतं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण एरर दिसतच नाही. ओबीएक्स-२ मध्ये टाइप लिहिलेला असतो खरा, पण तो त्या एका ओळीपुरता. तीच टेस्ट आज एनएम (आकडा), उद्या एसटी (मजकूर). म्हणून स्टेजिंगला सरसकट टेक्स्ट.

जन्मतारखेचंही तेच. नुसतं १९६२ आलं तरी ते वैध आहे. त्याची तारीख करायला गेलात की १ जानेवारी १९६२ तयार होते, जी कोणीच सांगितलेली नाही. हेडमास्तरांनी निम्म्या गावाला १ जूनचा वाढदिवस देऊन ठेवलाय, त्यात आपली भर नको. तसंच रिकामं फील्ड म्हणजे ‘आहे ते राहू दे’ आणि "" म्हणजे ‘असलेलं पुसून टाक’. दोन्हींचं नल (डेटाबेसमधलं ‘काहीच नाही’) केलंत तर फोन नंबर विनाकारण उडतील.

आता रचना. दर टेस्टला एक कॉलम करत असाल तर आधी तेच थांबवा. पोस्टग्रेसची मर्यादा १६०० कॉलमची आहे आणि ड्रॉप केलेले कॉलमही त्यात मोजले जातात. एका ओबीएक्सची एक ओळ करा: मेसेजचा कंट्रोल आयडी, कोड, व्हॅल्यू, युनिट, ओबीएक्स-११ चा स्टेटस. नवी टेस्ट आली की नवी ओळ, स्कीमाला हात लावायची गरजच नाही. ~ ने रिपीट होणाऱ्या फील्डना चाइल्ड टेबल (मूळ ओळीला जोडलेलं वेगळं टेबल), झेड-सेगमेंट जेसनबीमध्ये (कोणत्याही रचनेचा डेटा मावणारा पोस्टग्रेसचा कॉलम-प्रकार). एवढं केलंत की ऑल्टरची वेळ क्वचितच येते.

येईल तेव्हा ते लिसनरच्या (लॅबकडून मेसेज स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या) वाटेत नको. पोस्टग्रेस व्हर्जन ११ पासून ठरावीक डीफॉल्टसह कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही हे खरं, पण ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक (तोवर टेबल इतर कोणाला वाचताही येत नाही) लागतोच. कोणाचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतो आणि बाकी सगळे ऑल्टरच्या मागे. तिकडे लॅबचं मशीन एसीकेची (मेसेज मिळाल्याच्या पोचपावतीची) वाट बघून तोच मेसेज पुन्हा पाठवतं. लिसनरने कच्चा मेसेज साठवायचा, एसीके द्यायचा, बस. पार्सिंग वेगळ्या प्रोसेसमध्ये, लॉक टाइमआउट २-३ सेकंद, आणि सेंडर व एमएसएच-१० (मेसेजचा कंट्रोल आयडी) मिळून युनिक की, म्हणजे तोच मेसेज दोनदा शिरणार नाही.

आणखी एक: प्रत्येक आपोआप बदलाची नोंद ठेवा, कोणत्या मेसेजमुळे झाला त्यासकट. एनटीईमध्ये (शेऱ्याच्या सेगमेंटमध्ये) अचानक नववं-दहावं फील्ड उगवलं तर ते बहुतेक नवं फील्ड नसतंच. तंत्रज्ञाने शेऱ्यात | (एचएल७ मध्ये दोन फील्ड वेगळी करणारं चिन्ह) टाइप केलेलं असतं आणि पाठवणाऱ्या सिस्टिमने त्याचं, मजकुरातल्या | साठी ठरलेलं, \एफ\ केलेलं नसतं. नव्या कॉलममध्ये एकच ओळ भरलेली दिसली की आधी कच्चा मेसेज उघडा, आणि लॅबच्या व्हेंडरला तो जसाच्या तसा पाठवा. पेशंटचं नाव-नंबर झाकून, अर्थात.