घरच्या सर्व्हरसाठी १० किंवा २५ गिगाबिटचं जुनं नेटवर्क कार्ड कोणतं घ्यावं?

मेलॅनॉक्स कनेक्टएक्स-४ एलएक्स घ्या. २५ गिगाबिटचं हे कार्ड १० गिगाबिटलाही चालतं आणि त्याचा एमएलएक्स५ ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो. कनेक्टएक्स-३ त्याहून स्वस्त मिळेल, पण ईएसएक्सआय ८ (व्हीएमवेअरची, एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) त्याला ओळखत नाही, त्यामुळे आता नव्याने घेण्यात अर्थ नाही. इंटेलचं एक्स५२० दणकट आहे. फक्त ते परक्या कंपनीचं एसएफपी+ मॉड्यूल (केबल जोडण्यासाठी पोर्टमध्ये सरकवायचा छोटा भाग) नाकारतं आणि लिनक्समध्ये ड्रायव्हरला त्याची परवानगी मुद्दाम द्यावी लागते.

स्लॉट नक्की तपासा. एक्स५२० पीसीआयई २.० चं आहे (पीसीआयई म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या स्लॉटचा प्रकार, लेन म्हणजे त्यातल्या डेटाच्या वाटा), म्हणजे चार लेनच्या स्लॉटमध्ये साधारण १६ गिगाबिट मिळतात: एका पोर्टला पुरेसे, दोन पोर्टच्या कार्डावर दोन्ही पूर्ण वेगाने चालवायला अपुरे. विक्रेत्याचा फोटो मोठा करून बघा. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या नसतील आणि पाठीवर काळा लांबट कनेक्टर दिसत असेल तर ते ओसीपी कार्ड, म्हणजे खास सर्व्हरमधल्या वेगळ्या जागेसाठी बनवलेलं कार्ड आहे, साध्या मदरबोर्डवर बसणारच नाही. या कार्डांवर पंखा नसतो, सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यावर ती थंड राहतात. घरच्या शांत केसमध्ये हीटसिंकवर ४० मिमीचा छोटा पंखा लावाच.

घरात आधीच भिंतीतून कॅट-६ केबल टाकलेली असेल तर मात्र हा सल्ला बदलतो: मग वरच्या एसएफपी प्रकारच्या कार्डांऐवजी आरजे-४५ पोर्टचं (नेहमीची नेटवर्क केबल थेट बसते ते), १०जीबेस-टी, म्हणजे तांब्याच्या केबलवर १० गिगाबिट चालवणारं कार्ड बघा. ते जास्त वीज खातं, पण नवी केबल ओढावी लागत नाही.