कशाचा वेग, ते आधी विचार

प्रिय मुली,

काल रात्री पावणेबाराला आलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला आणि खरं सांगू, आधी हसूच आलं, सॉरी. इंटरव्ह्यूत बायोकेमिस्ट्रीवाल्या बाईंनी एन्झाइमच्या व्हेलॉसिटीचं युनिट विचारलं, तू छातीठोकपणे "मीटर पर सेकंद" म्हणालीस आणि पॅनेलवरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फिजिक्सात एम.एस्सी. करून वेगाचं युनिट चुकलं म्हणून रात्रभर रडत बसलीस म्हणे. अगं, वेग म्हटल्यावर फिजिक्सवाल्याच्या तोंडून दुसरं काय येणार? फक्त तोंड उघडायच्या आधी "कशाचा?" एवढं विचारायचं राहिलं.

एन्झाइमच्या वेगात अंतर बिंतर काही नसतंच. मिनिटाला किती मायक्रोमोल माल तयार झाला, तो वेग. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली साखर फोडणाऱ्या एन्झाइमवर काम केलं, ते समीकरण तुला आता पाठ करावं लागेल, पण मुद्दा सोपा आहे, साखर कितीही ओता, एका मर्यादेपुढे वेग सरकत नाही, तो व्हीमॅक्स. टोलनाक्यासारखं. बूथ तेवढेच, मग मागे रांग एक किलोमीटर असो नाहीतर पाच, तासाला गाड्या तेवढ्याच सुटणार. मराठीत ह्याला सरळ दर म्हणता येतं, आणि तसं म्हटलं असतं तर तुझी झोप गेली नसती.

गंमत बघ, मागच्या वर्षी आमच्या ह्यांचा टू-डी इको केला तर रिपोर्टवर परत व्हीमॅक्स! तिथे मात्र तो अस्सल मीटर पर सेकंद, हृदयाच्या झडपेतून सुटणाऱ्या रक्ताच्या धारेचा सगळ्यात जास्त वेग. त्याचा वर्ग करायचा, चारने गुणायचं, की झडपेच्या अलीकडचा-पलीकडचा प्रेशरचा फरक मिळतो. ४ मीटरची धार म्हणजे ६४ मिलिमीटर पारा, आणि एओर्टिक झडपेला ४ म्हणजे झडप फारच अरुंद, सिव्हिअर. (ह्यांचा दीडच्या आत आहे, काळजी नको.) पण डॉप्लरला, म्हणजे आवाजाच्या लहरींनी वेग मोजणाऱ्या ह्या तपासणीला, फक्त आपल्या रोखाने येणारा किंवा जाणारा वेग दिसतो. प्रोब धारेला ६० अंशांनी वाकडा लागला की आकडा निम्मा. म्हणून ती तपासणारी मुलगी प्रोब इकडून दाब, तिकडून दाब करत होती आणि हे वैतागत होते. मी बाहेर आल्यावर ह्यांना कोसाइन समजवायला गेले, तर अजून वैतागले.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. नोकरीचं दुसरं वर्ष. नदीकाठच्या वाळूत दोन बोअर, मधे १२ मीटर. वरच्या बोअरमध्ये मिठाचं पाणी ओतायचं, खालच्यात ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) सोडून कधी खारटपणा चढतो ते बघायचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी किती वेगाने सरकतं ते कळतं. वाळूतून पाणी किती वाहतं ते सांगणाऱ्या डार्सीच्या नियमाने मी हिशोब केला, दिवसाला २० सेंटिमीटर, म्हणजे ६० दिवस. वा! मग उगाच रोज कशाला मोजायचं, चाळिसाव्या दिवसापासून माणूस बसवला. पन्नास झाले, साठ झाले, पंचाहत्तर झाले, आकडा ढिम्म. मीटर बदलून पाहिला, कॅलिब्रेशन केलं, त्या बिचाऱ्या माणसावर संशय घेतला. शेवटी साहेबांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "बाई, पोरॉसिटीने, म्हणजे वाळूतल्या फटींच्या प्रमाणाने, भागलंत का?"

नव्हतं भागलं. डार्सीने १८५६ साली फ्रान्समध्ये दिजाँच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून जो नियम काढला, त्यातला वेग अख्ख्या नळकांड्याचं तोंड धरून येतो, जणू आत वाळू नाहीच. पाणी जातं ते कणांमधल्या फटींतून, आणि आमच्या वाळूत फटी जेमतेम पाव भाग, म्हणजे पाणी चौपट पळणार. ६० नाही, १५ दिवस. माझा माणूस स्टूल घेऊन बसला तेव्हा मीठ केव्हाच पुढे निघून गेलं होतं. पुस्तकात मात्र त्याला 'डार्सी व्हेलॉसिटी' म्हणूनच छापलेलं, आणि मी त्या नावावर विसंबले. हसण्यावारी गेलं ते मीठ होतं म्हणून. तेच एखाद्या कारखान्याचं सांडपाणी असतं तर मी खालच्या गावाला "अजून दोन महिने आहेत" असं सांगून मोकळी झाले असते.

आणि तुझ्या फिजिक्समध्ये तरी कुठे एकच वेग आहे? तांब्याची एक चौरस मिलिमीटरची तार घे, एक अँपिअर करंट सोड. इलेक्ट्रॉन पुढे सरकतात मिनिटाला साधारण साडेचार मिलिमीटर, गोगलगाय बरी. तेच इलेक्ट्रॉन आतल्या आत सैरावैरा धावतात ते सेकंदाला पंधराशे किलोमीटरच्या वर. आणि बटण दाबल्यावर दिवा लागतो तो सिग्नल तारेच्या कडेने प्रकाशाच्या जवळपास वेगाने जातो म्हणून. एका तारेत तीन वेग, तिन्ही खरे.

नसेतही काहीसं असंच. कोपरापासून मनगटापर्यंत कुठलाही कण धावत जात नाही, जागच्या जागी सोडियम आत येतं आणि ती लाट पुढे सरकते. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर हा वेग मोजला, तो आला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, तर त्याचे गुरू म्युलर म्हणत होते की हे मोजताच येणार नाही. त्याची युक्ती फार देखणी होती. नसेला दोन वेगळ्या ठिकाणी शॉक द्यायचा आणि वेळांची वजाबाकी करायची, म्हणजे स्नायू हलायला लागणारा उशीर आपोआप कटतो. आजची एनसीव्ही टेस्ट, म्हणजे नसेतला वेग मोजायची तपासणी, तेच करते. डायबेटिसवाल्या कुणाबरोबर गेलीस तर बघ, मशीन लाखांचं, पण दोन खुणांमधलं अंतर मात्र शिंप्यासारखं टेप लावून मोजतात!

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५-४५ मीटरच्या ३० डिश आहेत, तिथे गेलीस तर आणखी मजा. हायड्रोजनची रेषा १४२० मेगाहर्ट्झच्या किती खाली घसरली त्यावरून दीर्घिकेचा वेग लिहितात, पण लिहायच्या पद्धती दोन, एक रेडिओवाल्यांची, एक ऑप्टिकलवाल्यांची. रेडशिफ्ट (रेषा किती सरकली त्याचं माप) ०.१ असेल तर ऑप्टिकलवाल्यांच्या पद्धतीत सेकंदाला ३०,००० किलोमीटरच्या जवळ, रेडिओवाल्यांच्या पद्धतीत २७,३०० च्या. दीर्घिका तीच. तक्त्याच्या डोक्यावर कुठली पद्धत ते बारीक अक्षरात असतं आणि ते न वाचता दोन तक्ते एकत्र केले की झालं कल्याण.

माझी भाची आयटीत आहे, त्यांच्या टीमचीपण व्हेलॉसिटी असते म्हणे, स्टोरी पॉइंटमध्ये, म्हणजे काम किती मोठं ते मोजायच्या त्यांच्या मापात. त्यात मी पडत नाही.

पुढच्या इंटरव्ह्यूत कुणी वेग म्हटलं तर सरळ विचार, "मॅडम, कशाचा, आणि तुम्ही तो मोजता कसा?" हा प्रश्न विचारला म्हणून कुणी नापास करत नाही, आणि केलंच तर तिथे पाच वर्षं काढण्यात अर्थ नव्हता असं समज. वहीतही नुसतं व्ही लिहू नकोस, शेजारी दोन शब्द खरडून ठेव, मी पंचाहत्तर दिवसांनंतर शिकले.

आणि रविवारी ये. कालव्याला पाणी सोडलंय, २० मीटरचा सरळ पट्टा बघून ठेवलाय, संत्रं टाकून वेग मोजू. संत्रंच आण, थर्माकोलचा तुकडा नको, संत्रं जवळजवळ सगळं बुडून तरंगतं त्यामुळे वाऱ्याने पळत नाही. येईल तो आकडा वरच्या थराचा, सगळ्या पाण्याचा सरासरी काढायला त्याला ०.८५ ने गुणायचं, का ते तू मला तिथे उभं राहून सांगायचं. अर्धा डझन तरी आण, दोन-तीन वाहून जातातच.

तुझी ताई